सात वाजताची लाइन

"बोला, एक नंबर," तुळसेमामा रिसीव्हरमध्ये म्हणाले आणि दुसऱ्या हाताने त्यांनी मला खुर्ची दाखवली.

मी बसले नाही. नोकरीचा तिसरा दिवस होता आणि उभं राहिल्यावर माणूस जास्त साहेब दिसतो अशी माझी समजूत होती. वय चोवीस, उंची पाच फूट, आणि त्या पाटबंधारे उपविभागात माझ्याआधी एकही बाई अभियंता आलेली नव्हती. सगळे मला 'बाईसाहेब' म्हणत. त्यातल्या 'बाई'वर त्यांचा जोर असे, 'साहेब'वर माझा.

मामांनी काळ्या फोनचा रिसीव्हर माझ्यापुढे धरला. "ऐका तरी."

मी वही उघडून, पेन सरसावून रिसीव्हर कानाला लावला.

"एकशे बेचाळीस," एक आवाज म्हणाला. "आन् तीन नंबर, म्हैस व्याली का रं?"

"व्याली की. पारडी झाली."

"मग खरवस कवा धाडतोस?"

"आत्ता सोडतो कालव्यात, धर तिकडं."

"आरं, मी वरल्या अंगाला. माझ्याकडं कसा येईल?"

"मग चार नंबर खाईल. त्याचं नशीब."

तीन-चार जण एकदम हसले. कुणीतरी खोकलं. कुणीतरी कुणाच्या तरी मेहुण्याची चौकशी केली. मी पेन हातात धरून तशीच उभी.

आमचा कालवा बेचाळीस किलोमीटरचा. त्याच्या काठाने दर सात किलोमीटरवर एक चौकी, अशा सहा. प्रत्येक चौकीत एक माणूस, एक दार पाणी सोडायचं-अडवायचं, पाण्याची उंची मोजायची रंगवलेली पट्टी आणि एक हँडलचा फोन. सगळे फोन एकाच तारेवर. हँडल फिरवलं की सगळीकडे घंटी वाजे आणि ज्याने उचलला त्याला सगळ्यांचं ऐकू येई. सकाळी सात, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाच वाजता प्रत्येकाने आपल्याकडच्या पाण्याचा आकडा कचेरीला सांगायचा, एवढंच त्या तारेचं काम. सहा आकडे. मी घड्याळ लावून पाहिलं, सकाळच्या सहा आकड्यांना पस्तीस मिनिटं लागली.

त्यातही सहा नंबर आपला आकडा आपण सांगतच नव्हता. तो पाच नंबरशी हळू आवाजात काहीतरी पुटपुटला आणि पाच नंबरने दोन आकडे दिले, एक स्वतःचा आणि एक सहाचा.

"हा काय प्रकार?" मी मामांना विचारलं.

"असंच हाय बाईसाहेब, मागनं," मामा म्हणाले आणि वहीत डोकं घालून आकडे उतरवू लागले.

तुळसेमामा पंचवीस वर्षं त्या फोनवर बसत होते. कपाळाला बुक्का, नाकावर चष्मा आणि तोंडात सदा एक प्रश्न. मला तेव्हा वाटे की या माणसाला नवीन काही नकोच आहे. मी मात्र नवीन करायलाच आले होते. गेल्या उन्हाळ्यात दोन नंबरजवळ कालवा फुटला, तेव्हा लाइनवर कुणाच्या तरी लग्नाच्या याद्या चालल्या होत्या. दोन नंबरवाला बिचारा ओरडत राहिला, पण त्याला मध्ये तोंड घालायला फटच मिळेना. तोवर एका शेतकऱ्याचा सगळा कांदा वाहून गेला. ही हकिकत मी फाइलीत वाचली होती आणि माझं रक्त सळसळलं होतं.

पंधरा दिवसांत मी योजना तयार केली. प्रत्येक चौकीला तिचं मिनिट ठरवून दिलं. सात वाजून एक मिनिटाने एक घंटी, ती एक नंबरची. दोन घंट्या, दोन नंबरची. आपल्या घंट्या वाजल्या की उचलायचं, फक्त आकडा सांगायचा, खाली ठेवायचं. दुसऱ्याच्या पाळीत रिसीव्हर उचलायचा नाही. ज्याचा आकडा त्यानेच द्यायचा. हे सगळं मी जाड कार्डांवर टाइप करून घेतलं आणि वर ठळक अक्षरांत 'मोजके बोला' असं लिहिलं.

कार्डं पाहून मामांनी चष्मा काढला. "बाईसाहेब, एक इचारू?"

"विचारा."

"पस्तीस मिंटाचं काम सात मिंटांत व्हईल. व्हय ना?"

"हो."

"मग उरल्याली अठ्ठावीस मिंटं कुणाची?"

"कुणाची म्हणजे? सरकारची."

"सरकार काय करंल त्यांचं?"

मला हसू आलं. मामा हसले नाहीत. त्यांनी पुढचा प्रश्न काढला. "वरल्या चौकीला पानी वाढलं, ह्ये खालच्याच्या कानावर पडायचं. आता त्याला कसं कळायचं?"

"कचेरी कळवेल."

"बरं." मामांनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. "मग एक करा. सहा नंबरला तेवढं जुन्यावानी चालू द्या."

"का?"

त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "म्हातारा हाय."

"मामा, म्हाताऱ्यांसाठी वेगळे नियम केले तर तुमच्यासाठीपण करावे लागतील."

"करा की," मामा म्हणाले. पण आवाजात नेहमीचा खट्याळपणा नव्हता, आणि मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

एक तारखेपासून पद्धत सुरू झाली आणि खरोखर सात मिनिटांत काम होऊ लागलं. घंटी, आकडा, खट्ट. घंटी, आकडा, खट्ट. आमचे कार्यकारी अभियंता दिवाणसाहेब जिल्ह्याहून मुद्दाम आले, घड्याळ हातात धरून बसले, आणि सात मिनिटांनी त्यांनी टेबलावर थाप मारली. "वा! दातीर, दोन महिन्यांनी मला याचा अहवाल द्या. चारही उपविभागांत लागू करतो." त्या दिवशी मी आईला चार पानी पत्र लिहिलं. त्यातली साडेतीन पानं माझ्याच कौतुकाची होती.

एकच गोम होती, सहा नंबर.

त्याचे आकडे उड्या मारत होते. वर पाच नंबरला पाणी स्थिर, आणि सहा नंबर सकाळी एक्क्याऐंशी सांगे, दुपारी ब्याण्णव, संध्याकाळी सत्तर. त्याच्या आकड्यावर आम्ही शेवटच्या टोकाच्या गावांचं पाणी ठरवायचो. तिथले शेतकरी कचेरीत येऊन बसू लागले. माझी खात्रीच झाली की हा गृहस्थ पाण्यापर्यंत जातच नाही, खाटेवर बसून मनाचा आकडा ठोकून देतो. इतके दिवस पाच नंबरचा इनूसभाई पठाण त्याचं काम करत होता, आता उघडं पडलं.

मी मेमो दिला. उत्तर आलं, 'चूक झाली. माफी असावी.' अक्षर दुसऱ्याचं. खाली सही होती भागुजी शेंडगे अशी, तिरकी, छापील ओळीवरून वर चढत गेलेली. मला तो उर्मटपणा वाटला. दुसरा मेमो दिला. आकडे तसेच. नियमाप्रमाणे तिसरा मेमो विभागीय कार्यालयात जायचा, निलंबनाच्या शिफारशीसकट.

"चौदा म्हैने राह्यलेत त्याचे," मामा म्हणाले. "पेन्शनीला."

"मग चौदा महिने नीट काम करायला काय झालं?"

मामांनी वही पुढे ओढली. एवढ्या प्रश्नांचा माणूस, पण उत्तर द्यायची वेळ आली की गप्प. मी चिडून तिसरा मेमो टाइप करायला दिला. पण सही करायच्या आधी म्हटलं, स्वतः जाऊन रंगेहाथ पकडावं. म्हणजे उद्या कुणी बोलायला नको.

दुसऱ्या दिवशी बाराला पाव तास कमी असताना मी जीप लांबच्या पुलापाशी उभी केली आणि काठाकाठाने चालत सहा नंबरपाशी आले. एका खोलीची चौकी, पुढे लिंबाचं झाड, दोरीवर वाळत घातलेलं एक धोतर. खाली कालव्यात उतरायला जुन्या दगडी पायऱ्या आणि पायऱ्यांशेजारी भिंतीवर पांढरी पट्टी, काळे आकडे.

खोलीतून म्हातारा बाहेर आला. उंच, काटक, अंगात खात्याचा खाकी सदरा. भिंतीला हात लावत पायऱ्यांपाशी आला आणि एकेक पायरी मोजत उतरू लागला. पाण्याजवळ पोचल्यावर तो पायरीवर चक्क पालथा झोपला, सदऱ्याची बाही तशीच ठेवून हात खाली सोडला आणि दगडाच्या कडेपासून पाण्यापर्यंत बोटं लावून मोजू लागला. एकदा मोजलं. मान हलवली. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. पांढरी पट्टी त्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर होती आणि तिच्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

तो उठून वर आला. मी वाटेतच उभी होते, भर उन्हात, पिवळी साडी नेसून. तो थेट माझ्याकडे तोंड करून चालत आला आणि माझ्याजवळून, पदराला वारा लागेल इतक्या जवळून, निघून गेला.

हाक मारायला हवी होती, ती मी मारली नाही. मी वळून पट्टी वाचली. शहात्तर. मग पाय न वाजवता खोलीच्या दारापर्यंत गेले.

भागुजी फोनपुढे बसले होते. फोनच्या वर भिंतीवर माझं कार्ड चार खिळे ठोकून नीट लावलं होतं. सहा घंट्या वाजल्या. त्यांनी रिसीव्हर उचलला.

"मामा, वाईच थांबा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "इनूस... हायस का रं?"

लाइनवर कुणी नव्हतं. माझ्या कार्डाप्रमाणे इनूसभाईंचा रिसीव्हर खाली होता.

"चवथी पायरी," भागुजी स्वतःशी बोलू लागले. "चवथीखाली पाच बोटं. चवथी एकवीसची का अठराची..." त्यांचे ओठ हलत होते, ओल्या हाताची बोटं गुडघ्यावर मोजत होती. वर्गात पाढा न आठवणाऱ्या मुलासारखा चेहरा झाला होता, आणि त्या चेहऱ्यावर अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाची लाज होती.

"सहा नंबर, बोला की," तारेतून मामांचा आवाज आला.

"शहात्तर," मी दारातून म्हणाले.

भागुजींनी मान दाराकडे वळवली. मग फोनमध्ये म्हणाले, "शहात्तर," आणि रिसीव्हर जागेवर ठेवला.

"कोन हाय?"

"मी. कचेरीतली. दातीर."

ते ताडकन उठले आणि ओल्या बाहीची गुंडी लावू लागले. "बाईसायेब! बसा, बसा. खुर्ची हाय हितं कुठंतरी. तुमीच बगा आन् घ्या."

या खेपेला मी बसले.

"कधीपासून दिसत नाही?" मी विचारलं.

"काचबिंदू म्हनत्यात. आदी कडंचं, मग म्होरचं कमी-कमी व्हत गेलं. दोन वर्सं झाली, आता उजेड तेवढा कळतो, त्यो बी कवाकवा. पुन्याचा डाक्टर म्हनला, गेलं ते माघारी येत न्हाई."

"आणि आकडा?"

"पान्याला हात लावल्याबिगर मी कदी आकडा दिला न्हाई, बाईसायेब. पायऱ्या मोजायच्या, बोटं मोजायची. पर जुन्या पायऱ्या, येक उंच येक ठेंगणी. इनूसनं समद्या मोजून कागदावर मांडल्यात. मी लाइनवर त्याला पायरी आन् बोटं सांगायचो, त्यो आकडा करून द्यायचा. आता पाठ कराया बगतो. न्हाई ऱ्हात डोक्यात."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"समद्यांस्नी. मामालाबी. मीच शपथ घातल्याली."

माझ्या मनात एकाच वेळी दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे त्यांच्या पाया पडावं. दुसरी, मी अभियंता होते आणि दोन वर्षं कालव्याच्या शेवटच्या दारावर न दिसणारा माणूस बसला होता. मी दुसरी बोलले. "भागुजीबाबा, हे धोक्याचं आहे. उद्या इथे कालवा फुटला तर?"

"फुटला तर माज्या आदी कुनाला कळंल?" ते शांतपणे म्हणाले. "पान्याचा आवाज जरा बदलला की मी उठून बसतो. पर तुमी लिवा. तुमचं काम हाय त्ये. माजी तक्रार न्हाई."

त्यांनी रडगाणं लावलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी बाहेर जाऊन पायऱ्या पाहिल्या, पट्टी पाहिली, पुन्हा आत आले. मला एक कल्पना सुचली होती आणि कल्पना सुचली की मी हरखून जाते, ती खोड माझी अजून गेलेली नाही.

"बाबा, भिंतीवर एक लोखंडी पट्टी बसवू. बोटाला कळतील अशा खाचा पाडून. पाच सेंटीमीटरला लहान खाच, दहाला मोठी. हात फिरवला की आकडा तुमच्या हातात."

त्यांचा चेहरा उजळला. "आसं जमंल?"

"लोहाराचं एका दिवसाचं काम. मग आकडा तुमचा तुम्ही द्याल. ना इनूसभाई लागणार, ना कागद. आणि माझी पद्धतही तशीच चालू राहील."

भागुजी हसत होते ते हळूहळू थांबले. त्यांनी चाचपडत खाटेची कड शोधली आणि बसले.

"व्हय," ते म्हणाले. "आकड्याला इनूस लागनार न्हाई."

"मग?"

"रागावू नगा, बाईसायेब."

"नाही रागावत."

"मला सकाळ झाल्याली कळत न्हाई. कारभारीन व्हती तवर ती उठवायची, ती गेली. हितनं गाव दीड कोस, सून दुपारी डबा धाडती. कोंबडा वराडतो, पर त्याचं काय खरं, त्यो कवाबी वराडतो. सात वाजता घंटी व्हायची, रिसीवर उचलला की समदी बोलत असायची. कुनाचं पोरगं आजारी, कुनाच्या घरी पाव्हणं. मला वाटायचं, झालं बाबा, उजाडलं. समदी हायत, आन् त्यांच्यात मी बी हाय." त्यांनी ओली बाही चाचपली. "आता घंटी व्हती, मी आकडा सांगतो, खाली ठिवतो. मग दिसभर तसंच."

मला तिथे रडू आलं. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून मी डोळे पुसायचीही घाई केली नाही.

परत जाताना पाच नंबरपाशी जीप थांबवली. इनूसभाई दारातच उभे होते. मी काही विचारायच्या आधी ते म्हणाले, "बाईसाहेब, बाराच्या टायमाला माझा हात रिसीव्हरवरच असतो. उचलत नाही. तुमचं कार्ड आहे ना." त्यांनी ते रागाने म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते नुसतं सांगितल्यासारखं म्हणाले.

कचेरीत येऊन मी तिसरा मेमो फाडला. मामा समोर बसून वहीत रेघा आखत होते. फाटल्याचा आवाज ऐकूनही त्यांनी मान वर केली नाही, पण रेघ वाकडी गेली.

"मामा, उद्यापासून तिन्ही वेळेला सगळ्यांनी रिसीव्हर उचलून धरायचे. आकडे ओळीने, एक ते सहा. आणि कुणी लांब घंटी दिली तर धोका आहे असं समजून सगळ्यांनी तोंड बंद. एवढा एकच नियम."

"आन् ह्ये मोजके बोला?"

"ते काढा."

"लेखी काढू का तोंडी?"

"तोंडीच काढा. तुमचे प्रश्न संपत नाहीत का हो कधी?"

"आता संपले," मामा म्हणाले, आणि धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत बसले.

आठवड्याभरात लोहाराने पट्टी बसवली. गढूळ पाण्यात रंगाचे आकडे दिसत नाहीत असं कारण मी कागदावर लिहिलं, आणि ते खरंही निघालं. पावसाळ्यात इतर चौक्यांनीही तशी पट्टी मागून घेतली. भागुजीबाबांचा आकडा मग कधी एका बोटानेही चुकला नाही. मी त्यांच्या डोळ्यांबद्दल वर कुणाला कळवलं नाही. कळवलं असतं तर त्या काळी एकच शेरा पडला असता, अपात्र. मी बरोबर केलं का, हा प्रश्न पुढे मी स्वतःला बऱ्याचदा विचारला आहे. दर वेळी ती ओली बाही डोळ्यांपुढे येते आणि मी तो प्रश्न तिथेच सोडते.

दोन महिन्यांनी दिवाणसाहेबांपुढे अहवाल ठेवला. त्यांनी पहिली ओळ वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पद्धत बंद केली? सात मिनिटांवर आणलेलं काम पुन्हा पस्तिसावर?"

"सदतीस, साहेब. दोन वाढली."

"कारण?"

"वरच्या चौकीचं पाणी खालच्याला ऐकू आलं की तो दार वेळेवर फिरवतो. आणि पद्धत बसवायच्या आधी मी ती लाइन एक आठवडासुद्धा नीट ऐकली नव्हती."

"हे कारण कागदावर चालत नाही, दातीर."

"माहीत आहे, साहेब."

त्यांनी माझ्या गोपनीय अहवालात 'निर्णयात धरसोड' असा शेरा मारला. माझी बढती दोन वर्षं लांबली. त्याबद्दल मी भांडले नाही, पण विसरलेही नाही, एवढी काही मी थोर नव्हे. आईला मात्र त्या दिवशी पत्र लिहिलं नाही.

भागुजीबाबा निवृत्त झाले तेव्हा कालव्याचं पाणी बंद होतं. म्हणून सहाही चौक्यांची माणसं एकदम कचेरीत येऊ शकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. शेजारच्या दोघांची अधूनमधून गाठ पडे, पण एक नंबरने सहा नंबरला कधी पाहिलंच नव्हतं. मी शाल, नारळ, हार आणवला होता. म्हटलं, आज कचेरीचं छप्पर उडणार.

झालं उलटंच. इनूसभाई सोडून बाकीचे चौघे भिंतीकडेच्या बाकावर ओळीने बसले आणि जमिनीकडे पाहू लागले. लाइनवर सगळ्यांच्या टोप्या उडवणारा एक नंबर प्रत्यक्षात किडकिडीत, लाजरा, बोटांची नखं खाणारा माणूस निघाला. तीन नंबर खांबाआड सरकून बसला. एकमेकांकडे चोरून बघत आणि नजर भिडली की छताकडे. रोज अर्धा तास बडबडणारी ही माणसं, समोरासमोर येताच नव्या पाहुण्यांसारखी अवघडली. मामांनी दोनदा "बोला की रं" म्हणून पाहिलं. चहाच्या कपांचे आवाज तेवढे झाले.

भागुजीबाबा डोक्याला फेटा बांधून, गळ्यात हार घालून खुर्चीत बसले होते, मागे इनूसभाई उभे. निवृत्तीचा कागद मांडीवर. ते चेहरा इकडून तिकडे वळवत होते.

"इनूस," त्यांनी हळूच विचारलं, "मंडळी गेली का रं?"

"न्हाई. हायत समदी."

"मग?"

"बसल्यात."

भागुजीबाबांनी मान हलवली. पण त्यांची बोटं मांडीवरच्या कागदाची घडी घालत होती, उलगडत होती. ही शांतता मला ओळखीची होती. ती मीच एकदा कार्डांवर टाइप करून बेचाळीस किलोमीटर पाठवली होती.

मला भाषण करायचं होतं, लिहूनही आणलं होतं. ते मी टेबलावरच ठेवलं आणि उठून उभी राहिले.

"एक नंबर, बोला."

एक नंबर दचकला. नखं तोंडातून काढून उभा राहिला. "हाय, बाईसाहेब."

भागुजीबाबांचा चेहरा झटकन त्या दिशेला वळला.

"दोन नंबर."

"हाय जी. आन् भागुजीबाबाला फेटा लय शोभतोय, ह्ये बी लिवा."

"तीन नंबर."

"हाय. पर फेटा त्याचा न्हाई, त्याच्या व्याह्याचा हाय. मला ठाव हाय."

कुणीतरी फिसकन हसलं.

"चार नंबर."

"हाय, बाईसाहेब. व्याह्यानं माघारी मागितला तर मी देतो त्याला दुसरा."

आता सगळेच हसले. भागुजीबाबाही.

"पाच नंबर."

"हाय," इनूसभाई म्हणाले. त्यांचा हात भागुजीबाबांच्या खुर्चीच्या पाठीवर होता.

"सहा नंबर, बोला."

भागुजीबाबांनी मांडीवरचा कागद उचलला आणि माझ्या दिशेने धरला. "मी आता सहा नंबर न्हाई, बाईसायेब. उद्यापास्नं दुसरा येनार हाय."

मी कागद घ्यायला पुढे झाले. तेवढ्यात तो लाजरा एक नंबर बाकावरून उठला, दोन पावलं पुढे आला आणि आमच्या सगळ्यांना रोज सकाळी ऐकू यायचा त्याच मोठ्या आवाजात म्हणाला, "त्ये उद्याचं उद्या बगू. आज तू बोलल्याबिगर आमी कुनी बी खाली ठिवत न्हाई."

पाचही जण वाट बघत राहिले. भागुजीबाबांनी कागद खाली ठेवला, खुर्चीत सरळ बसले, आणि घसा साफ केला.

"हाय," ते म्हणाले. "सहा नंबर हाय."